कॅशबॅकचे पैसे आगोटीच्या डब्यात

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या घरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, यादी निघते. तांदूळ, सुकी मासळी, मसाल्याचं सामान, मीठ, पडवीला लावायची ताडपत्री, पोरांच्या छत्र्या आणि वह्या. पाऊस सुरू झाला की आमच्या वाडीतून बाजारात जाणं म्हणजे अर्धा दिवस, म्हणून सगळं आधीच भरून ठेवायचं. पंधरा दिवसांत जेवढा पैसा घरातून बाहेर जातो तेवढा एरवी दोन-तीन महिन्यांत जात नाही.

क्रेडिट कार्ड आमच्या घरात आलं त्या वर्षी मला वाटलं होतं, कॅशबॅकमधून या खर्चाला थोडा हातभार लागेल. वर्षाअखेरीला बँकेच्या अ‍ॅपवर पाहिलं तर कॅशबॅक खरंच जमा झाला होता, पण त्यातला एक रुपयाही कुठे ठेवलेला सापडला नाही. वर गणपतीच्या गडबडीत एका बिलाची तारीख चुकली होती आणि त्याचं व्याज व दंड मिळून हजाराच्या वर गेले होते. चूक माझी होती. त्यानंतर वही घेऊन बसले आणि जी पद्धत बसवली तीच इथे सांगते आहे. आमचं घर रत्नागिरीजवळच्या एका गावात आहे. माझा पगार दरमहा येतो, आणि नवऱ्याची हापूसची कलमं आहेत, त्यांचा पैसा वर्षातून एकदाच येतो. कोकणात अशी अर्धी पगारी आणि अर्धी हंगामी घरं पुष्कळ आहेत, त्यांना डोळ्यासमोर ठेवून हे लिहिलं आहे.

कॅशबॅक येतो कुठून

हे आधी समजून घेतलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. आपण कार्डाने पैसे देतो तेव्हा दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. बँका आणि कार्डाची यंत्रणा त्यातून ठरावीक टक्के कापून घेतात, आणि त्या कापलेल्या पैशातला छोटा भाग आपल्याला परत देतात. म्हणून जिथे ही कपात कमी असते किंवा बँकेला काही उरत नाही, तिथे कॅशबॅकही नसतो. पेट्रोल, वीजबिल, सरकारी भरणा, घरभाडं, वॉलेटमध्ये पैसे भरणं, सोनं आणि हप्त्यांवरची खरेदी हे प्रकार बहुतेक कार्डांच्या नियमांत वगळलेले सापडतील. आणि म्हणूनच ओळखीचा दुकानदारही म्हणतो, ‘रोख द्या, थोडं कमी करतो.’

तेव्हा कॅशबॅक ही मिळकत धरू नका. वस्तूच्या किमतीतली ती सूट आहे, आणि तीही उशिरा मिळणारी. मिळकतीच्या बाजूला लिहिली की मन तिला पगारासारखं खर्चून टाकतं. माझ्या पहिल्या वर्षी नेमकं तेच झालं.

पहिलं पाऊल: एक महिना फक्त लिहून काढा

कार्ड घेण्याआधी, किंवा असलेलं कार्ड बाजूला ठेवून, एक महिना प्रत्येक खर्चापुढे तो कसा दिला ते लिहा. रोख, यूपीआय की कार्ड. आमच्यासारख्या घराचा महिना साधारण असा निघतो:

मासळी, भाजी, दूध, गड्याची मजुरी, रिक्षा आणि एसटी, देवळाची वर्गणी: १४,००० रुपये
वाणसामान: ६,५००
औषधं: १,८००
ऑनलाइन खरेदी: २,२००
पेट्रोल: २,०००
वीजबिल: १,४००
मोबाइल आणि इंटरनेट: १,१००

एकूण २९,०००. यातले १४,००० कार्डावर जाऊच शकत नाहीत. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी घेताना किंवा दारात पाटी घेऊन आलेल्या मावशीकडून बांगडे घेताना कार्ड कोण काढणार? उरले १५,०००. समजा कार्डाच्या जाहिरातीत ‘५ टक्के कॅशबॅक’ असं मोठ्या अक्षरात आहे आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं आहे की ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के, दुकानात १ टक्का, आणि इंधन, वीज, मोबाइल यांवर काही नाही. मग हिशेब असा होतो. २,२०० चे ५ टक्के ११० रुपये. वाणसामान आणि औषधं मिळून ८,३००, त्याचा १ टक्का ८३ रुपये. महिन्याचे १९३ रुपये.

वर्षाचे २,३१६. कार्डाची वार्षिक फी ४९९ रुपये असेल तर १८ टक्के जीएसटी धरून ५८९ गेले. हातात उरले १,७२७. वर्षभरात कार्डावरून १,८०,००० फिरवले, म्हणजे प्रत्यक्षात १ टक्क्याहूनही थोडं कमीच मिळालं.

हा आकडा मी मुद्दाम आधी सांगते आहे. १,७२७ रुपयांत ताडपत्री आणि पोरांच्या छत्र्या निघतात, आणि ते माझ्या दृष्टीने मोलाचे आहेत. पण त्यासाठी घराची घडी बदलावी एवढे ते नाहीत. तुमच्या घराचा आकडा तुम्ही स्वतः काढा. तो पाचशेच्या आत येत असेल तर बिनफीचं कार्ड पाहा, नाहीतर यूपीआयवर समाधानाने राहा.

कार्ड निवडताना

यावर फार वेळ घालवू नका. चार गोष्टी विचारा. वगळलेले खर्च कोणते, महिन्याला कॅशबॅकची कमाल मर्यादा किती, तो आपोआप बिलात जमा होतो की मागावा लागतो, आणि वार्षिक फी कितीच्या खर्चावर माफ होते. पॉइंटवाली कार्डं असतील तर एका पॉइंटचे किती पैसे, ते कधी संपतात आणि रोखीत बदलताना शुल्क लागतं का, तेही विचारा. पाचशे पॉइंट ऐकायला भरघोस वाटतात, पण एका पॉइंटला २५ पैसे असतील तर ते १२५ रुपये झाले.

फीमाफीच्या आकड्याला मात्र भुलू नका. वर्षाला २ लाखांच्या खर्चावर फी माफ, आणि आपले झाले १,८०,०००. अशा वेळी ५८९ रुपये वाचवायला २०,००० ची नको असलेली खरेदी करायची का? एप्रिलमध्ये करायची खरेदी मार्चमध्येच करता येत असेल तर जरूर करा. नसेल तर फी भरा आणि मोकळ्या व्हा.

बिलाची तारीख आणि आपला हंगाम

शहरातल्या पगारदाराला हा भाग फारसा लागत नाही, आपल्याला फार लागतो. कार्डाचं बिल महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी तयार होतं आणि त्यानंतर साधारण १८ ते २० दिवसांनी भरायची शेवटची तारीख येते. समजा बिल २० तारखेला बनतं आणि भरायची मुदत पुढच्या ९-१० तारखेपर्यंत आहे. पगार १ तारखेला येत असेल तर हे उत्तम बसतं. तुमचं बसत नसेल तर बँकेला बदलायला सांगा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांपासून बिलाचं चक्र निदान एकदा आपल्या सोयीने बदलून घेण्याची मुभा ग्राहकाला द्यावीच लागते.

आता हंगामाचं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होडी किनाऱ्यावर ओढलेली आणि आवक थांबलेली. अशा घरात आगोटीची खरेदी १५ मे रोजी कार्डावर केली तर ती २० मेच्या बिलात येते आणि ९ जूनच्या सुमाराला भरायची असते. मेची कमाई हातात असते, ती भरता येते. पण तीच खरेदी २२ मे रोजी केली तर ती २० जूनच्या बिलात जाते आणि १० जुलैच्या सुमाराला भरायची ठरते, म्हणजे बंदीच्या ऐन मध्यावर. ‘आणखी एक महिना मिळाला’ असं तेव्हा वाटतं, पण त्या महिन्यात पैसा येणार कुठून? होडीच्या घरांनी मेच्या बिलाच्या दिवसानंतर कार्ड कपाटात ठेवावं आणि नारळी पौर्णिमेनंतर, पहिली मासळी विकली की काढावं, असं मला मनापासून वाटतं. किंवा मेमध्येच तेवढी रक्कम बाजूला काढून, मगच कार्ड वापरावं.

आंब्याचंही तसंच. फवारणीचा खर्च थंडीत होतो आणि वाशीच्या बाजारातून पट्टी, म्हणजे विकलेल्या आंब्याचा हिशेब आणि पैसे, येते एप्रिल-मेमध्ये, कधीकधी त्याहूनही उशिरा. डिसेंबरमध्ये फवारणीची औषधं कार्डावर घेतली तर त्याचं बिल जानेवारीत भरावं लागतं, कारण कार्ड पट्टीसाठी थांबत नाही. न भरलेल्या बिलावर व्याज बहुधा महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, वर्षाचे ४२, आणि त्यावर जीएसटी धरला तर जवळपास ५० टक्के. त्याच कामासाठी किसान क्रेडिट कार्डावरचं पीककर्ज वेळेत फेडलं तर ४ टक्क्यांनी पडतं. नाव दोन्हींचं कार्डच, पण बागेचा खर्च १ टक्का कॅशबॅकसाठी घरच्या क्रेडिट कार्डावर टाकणं म्हणजे ४ चं कर्ज सोडून ५० चं घेणं. आमच्याकडे हा नियम कडक आहे. बागेचं एकही बिल या कार्डावर जात नाही, खोके आणि पेंढाही नाही.

वही कशी लिहायची

मोबाइलवर लिहा किंवा कागदावर, पण रीत हीच ठेवा. मला कागदी वही बरी वाटते, कारण सासूबाईही ती पाहतात आणि एखादी नोंद राहिली तर त्यांच्या आधी लक्षात येते.

खर्च झाला त्याच दिवशी पूर्ण किमतीने लिहायचा. ९०० रुपयांची औषधं कार्डावर घेतली तर औषधाच्या खात्यावर आज ९०० पडले. बिल पुढच्या महिन्यात येणार म्हणून पुढच्या महिन्यात लिहायचं नाही, आणि ९ रुपये परत येणार म्हणून ८९१ ही लिहायचे नाहीत. घराचं अंदाजपत्रक कॅशबॅक नाहीच असं धरून जुळलं पाहिजे.

मग दुसरं बचत खातं लागतं. घरात एखादं न वापरलेलं खातं असतंच, त्याला आम्ही बिलाचं खातं म्हणतो. दर रविवारी संध्याकाळी आठवड्यातल्या कार्डाच्या नोंदींची बेरीज करायची आणि तेवढी रक्कम पगाराच्या खात्यातून तिकडे टाकायची. या आठवड्यात ३,६४० झाले, तर ३,६४० टाकले. यूपीआयने दोन मिनिटांचं काम आहे. याचा गुण असा की कार्ड वापरूनही पैसा रोखीने गेल्यासारखा लगेच खात्यातून कमी दिसतो, आणि पगाराच्या खात्यात जे उरतं ते खरोखर आपलं असतं.

बिल आलं की बिलाच्या खात्यातली शिल्लक आणि बिलाची रक्कम शेजारी ठेवून पाहायची. जुळलं तर प्रश्न नाही. बिल जास्त असेल तर एखादी नोंद राहिली आहे, किंवा न सांगता कापलेलं काहीतरी आहे. माझ्या बिलात एकदा एका अ‍ॅपची वर्गणी सापडली. फुकट म्हणून सुरू केलेली आणि तीन महिने कापली जात असलेली. वही नसती तर ती आणखी वर्षभर गेली असती. चुकीची रक्कम दिसली तर बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांच्या आत खुलासा देणं तिच्यावर बंधनकारक आहे.

आता कॅशबॅक. बहुतेक कार्डांवर तो बिलात वजा होऊन येतो. खर्च १५,०००, कॅशबॅक १९३, भरायचे १४,८०७. इथेच घरोघरी तो हरवतो. बिल थोडं कमी आलं एवढंच जाणवतं, आणि ते १९३ रुपये कुठल्या तरी भाजीत किंवा रिक्षात मिसळून जातात. पण तुम्ही रविवारी रविवारी पूर्ण १५,००० बाजूला ठेवले असतील तर १४,८०७ भरल्यावर बिलाच्या खात्यात १९३ उरतात. हाताला लागणारा कॅशबॅक तो हाच. त्याच दिवशी तो तिथून काढायचा.

आम्ही त्यात ७ घालून २०० करतो आणि आगोटीच्या डब्यात टाकतो. डबा खराच आहे, जुना बिस्किटांचा पत्र्याचा. तीन-चार महिन्यांनी ते पैसे सासूबाईंच्या पोस्टाच्या बचत खात्यात जातात, ज्याची किमान शिल्लक ५०० रुपये आहे. तुम्ही आवर्ती ठेव उघडा किंवा गणपतीसाठी ठेवा, पण त्या पैशाचं एक नाव ठरवा आणि ते वर्षभर बदलू नका. काहीजण म्हणतात की वाणसामानावर मिळालेला कॅशबॅक वाणसामानाच्याच खात्यावर वजा करावा. हिशेबाने ते बरोबर आहे, पण माझ्या अनुभवात तसं केलं की पुढच्या महिन्यात तेवढाच जास्तीचा जिन्नस घरात येतो.

दोन बारीक गोष्टी. वस्तू परत केली की तिच्यावरचा कॅशबॅक पुढच्या बिलात उलटा कापला जातो, म्हणून परतीची मुदत संपेपर्यंत तो आपला धरू नये. आणि परत केलेल्या वस्तूचे पैसे बिल बनल्यानंतर आले तर त्या बिलातली मागणी आपोआप कमी होईल असं धरून कमी भरू नका. पूर्ण भरा, जास्त झालेली रक्कम पुढच्या बिलात दिसेल.

दुकानात उभं असताना

रत्नागिरीत एका दुकानात मिक्सर घ्यायला गेलो होतो. किंमत ४,२००. दुकानदार म्हणाला, ‘ताई, कार्ड असेल तर दोन टक्के वर लागतील.’ म्हणजे ८४ रुपये जास्त, आणि कार्डावर परत मिळणार ४२. मी यूपीआयने दिले. हा हिशेब काउंटरवर मनातल्या मनात करायचा. दुकानदार रोखीवर किती कमी करतो किंवा कार्डावर किती जास्त मागतो, आणि कॅशबॅक किती, या दोनच आकड्यांची तुलना.

पेट्रोलपंपावर कार्डाला साधारण १ टक्का अधिभार लागतो, आणि बहुतेक कार्डं तो माफ करतात ते ४०० रुपयांपासून पुढच्या भरण्यावर. स्कूटरमध्ये तीनशेचं पेट्रोल टाकायचं असेल तर कार्ड खिशातच बरं. वीजबिलावर क्रेडिट कार्डाचं सेवाशुल्क लागतं का ते पैसे भरण्याआधीच्या पडद्यावर दिसतं, तिथे एक क्षण थांबून पाहा. महावितरण घरगुती ग्राहकांना ऑनलाइन भरण्यावर ०.२५ टक्के सूट देतं. ती यूपीआयवरही मिळते, तिच्यासाठी कार्डाची गरज नाही.

रुपे क्रेडिट कार्ड सप्टेंबर २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं, आणि त्यामुळे गावातल्या वाण्याकडेही क्यूआर कोडवर कार्ड चालू लागलं. पण हे फक्त व्यापारी म्हणून नोंदलेल्या क्यूआरवर होतं. मासळीवाल्या मावशीने किंवा नारळ पाडणाऱ्याने स्वतःच्या साध्या बचत खात्याचा क्यूआर लावलेला असेल तर तिथे क्रेडिट कार्ड चालत नाही. शिवाय काही कार्डांवर यूपीआयच्या खर्चाला कॅशबॅक कमी किंवा शून्य असतो, ते नियमांत बघून घ्या.

वाण्याबद्दल एक बोलायचं आहे. ५ टक्क्यांसाठी सगळं वाणसामान ऑनलाइन मागवावं का? मी करून पाहिलं. काही जिनसा स्वस्त पडल्या, काहींचा घरपोच खर्च सूट खाऊन गेला, आणि जुलैत घाटात दरड पडली तेव्हा पार्सल आठवडाभर अडकलं. त्या आठवड्यात तेल आणि साबण आमच्या वाडीतल्या वाण्यानेच दिले, तेही वहीत मांडून. आता कडधान्य, तेल, पीठ त्याच्याकडून आणि तालुक्याला सहज न मिळणाऱ्या वस्तू तेवढ्या ऑनलाइन, अशी वाटणी ठेवली आहे. टक्क्यात थोडं नुकसान होत असेल, ते मला मान्य आहे.

गणपतीचा खर्च आणि भावकीचा वाटा

आमचा गणपती तीन भावांचा आहे. दोन दीर मुंबईला असतात, चतुर्थीच्या आधी सगळे चाकरमानी घरी येतात आणि खर्चाचे तीन वाटे होतात. खरेदी बहुतेक मी करते, कारण मी इथे असते. एका वर्षी १२,००० चं सामान मी कार्डावर घेतलं आणि दोघांचे चार-चार हजार नंतर येतील असं धरलं. एका दिरांचे लगेच आले. दुसऱ्या घरी आजारपण निघालं, त्यांचे दोन महिन्यांनी आले. नात्यात मागणं अवघड, आणि बिलाची तारीख आपल्या गतीने येते. आता यादी आषाढात व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, वाटे आधी जमा होतात, मग खरेदी होते. माझ्या जावांनीच हे सुचवलं.

त्या खरेदीवरचा कॅशबॅक कोणाचा? १२,००० पैकी ८,००० ऑनलाइन, त्याचे ५ टक्के ४०० रुपये. कार्ड माझं असलं तरी पैसे तिघांचे आहेत. सासूबाईंनी एका वाक्यात सोडवलं: ‘गणपतीचं गणपतीला.’ ते ४०० पुढच्या वर्षीच्या गणपतीच्या खात्यावर लिहिले जातात आणि हिशेबाच्या कागदावर तिन्ही घरांना दिसतात. रक्कम छोटी आहे, पण एकत्र घरात छोट्या रकमा लपल्या की मनं दुखावतात.

सणाच्या दिवसांत सवलतींचा मारा असतो. ‘किमान ५,००० च्या खरेदीवर १० टक्के.’ यादी ४,००० ची आहे. आणखी १,००० चं काहीतरी टोपलीत घातलं की ५०० परत मिळतात, म्हणजे खिशातून ४,५०० गेले. यादीवर राहिलो असतो तर ४,०००. फायदा म्हणून ५०० रुपये जास्त गेले. ‘विनाव्याज हप्त्यां’वरही प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी लागू शकतो, आणि हप्त्यांच्या खरेदीवर कॅशबॅक बहुधा नसतो. दुकानात सही करण्याआधी एकूण किती जाणार तो आकडा कागदावर मागून घ्या.

तारीख चुकली तर काय होतं

१५,००० च्या बिलातले फक्त ‘किमान देय’ ७५० भरले असं समजू. उरले १४,२५०. साडेतीन टक्क्यांनी महिन्याचं व्याज ४९९ आणि त्यावर जीएसटी ९०, एकूण ५८९. तीन महिन्यांचा कॅशबॅक ५७९ होतो, तो एका महिन्यात गेला. एवढ्यावर हे थांबत नाही. बिल पूर्ण न भरल्यामुळे बिनव्याजी मुदतच जाते आणि नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज चालू होतं. कार्डाने एटीएममधून रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर शुल्क, त्यामुळे तो मार्ग नाहीच असं समजा.

तारीख उलटून गेल्याचं लक्षात आलं तर घाबरून बसू नका, त्याच तासाला पूर्ण रक्कम भरा. मुदतीनंतर ३ दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच बँकेला विलंबशुल्क लावता येतं आणि सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांना थकबाकी कळवता येते. आणि बिलात आलेला कॅशबॅक म्हणजे आपण केलेला भरणा, असं समजू नका. बहुतेक बँका तो किमान देय रकमेत धरत नाहीत.

एखाद्या वर्षी आंबा गेला, पगार अडकला, आणि बिल पूर्ण भरता येत नाही अशी वेळ आली, तर त्या दिवसापासून कार्ड वापरणं थांबवा. कॅशबॅकचा विचार सोडा. सोसायटीचं किंवा सोनेतारण कर्ज काढून कार्ड फेडलं तरी ते स्वस्त पडतं.

वादळ, पूर आणि स्वयंचलित भरणा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागात कितीतरी दिवस वीज आणि मोबाइल नव्हते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा दिवसांत अ‍ॅप उघडून बिल भरता येत नाही आणि कार्डाचं यंत्रही चालत नाही. म्हणून दोन गोष्टी करून ठेवा. बिलाच्या खात्यातून स्वयंचलित भरणा लावा, आणि अर्जात ‘किमान देय’ सोडून ‘एकूण देय’ हाच पर्याय निवडा. काही अर्जांत किमान देयवर आधीच खूण केलेली असते. दुसरं, मेअखेर घरात पंधरा दिवसांच्या खर्चाची रोकड ठेवा. कॅशबॅकच्या हौसेने सगळाच खर्च कार्डावर नेला की घरात रोख राहत नाही, आणि पावसाळ्यात ते परवडत नाही.

फसवणूक

‘तुमचे ४,८०० रुपयांचे पॉइंट आज रात्री संपणार’ असा संदेश आणि खाली लिंक आली तर ती उघडू नका. बँकेचं अ‍ॅप स्वतः उघडून पॉइंट पाहा. कोणी फाइल पाठवून अ‍ॅप टाकायला सांगितलं तर तिथेच थांबा. घरातल्या वयस्कर माणसांना हे समोर बसवून सांगा. पैसे गेलेच तर लगेच कार्ड बंद करा, सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. ओटीपी आपण दिलेला नसेल आणि बँकेचीही चूक नसेल, तर ३ कामकाजाच्या दिवसांत कळवल्यावर ग्राहकाची जबाबदारी शून्य धरली जाते. ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, म्हणून मिनिटही घालवू नका.

वैशाखातला हिशेब

आगोटीच्या यादीआधी एक संध्याकाळ यासाठी ठेवा. वर्षभर डब्यात गेलेला कॅशबॅक एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला वार्षिक फी, व्याज, विलंबशुल्क, पॉइंट बदलण्याचं शुल्क. त्याखाली आणखी एक ओळ लिहा: केवळ सवलतीसाठी घेतलेल्या वस्तू. ही ओळ कोणी दुसरा तपासत नाही, ती आपणच खरी लिहायची. माझ्या दुसऱ्या वर्षी तिथे १,१०० रुपये होते, एक पंखा आणि काचेचे डबे. गेल्या वर्षी शून्य.

वजाबाकी ५०० च्या खाली आली तर ते कार्ड बंद करायचा विचार करा. आधी उरलेले पॉइंट वापरा, शेवटचं बिल पूर्ण भरा, त्या कार्डावरचे स्वयंचलित हप्ते आणि वर्गण्या दुसरीकडे हलवा, मग बँकेला लेखी विनंती करा. बाकी काही देणं नसेल तर बँकेने ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. नाही केलं तर त्यानंतरच्या दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. विनंतीची पोच जपून ठेवा, आणि दोन-तीन महिन्यांनी पतअहवालात ते खातं बंद दिसतं का पाहा. वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो.

पोस्टातून काढून आणलेले आणि डब्यात उरलेले पैसे एकत्र मोजायचं काम आमच्याकडे धाकट्या मुलीचं आहे. या वर्षी १,७६० निघाले. ताडपत्रीला १,१०० गेले, आणि उरलेल्यात दोन छत्र्या बसल्या.